कुमारवयांतील कादंबरी आणि रोहिडखोऱ्याचे कागद

चौदाव्या-पंधराव्या वर्षीं वाचलेली कादंबरी जन्मभर लक्षांत राहते, असें सर्वच म्हणतात. पण ती जशी लक्षांत राहिली तशीच पुस्तकांत आहे कीं नाहीं, याचा पडताळा घेणारे थोडे. ज्या पुस्तकासाठीं रात्रीं उशिरापर्यंत दिवा जाळला, शाळेच्या भूगोलाच्या आड जें लपवून वाचलें, तें डोळ्यांना चाळिशी लागल्यावर पुन्हां उघडणें म्हणजे बालमित्राला तीस वर्षांनीं भेटण्यासारखें आहे. भेटीची ओढ असते आणि थोडी धास्तीही असते. ऐतिहासिक कादंबरीच्या बाबतींत ही धास्ती दुणावते. मधल्या काळांत वाचक तेवढा बदललेला नसतो. इतिहासही बदललेला असतो. नवे कागद सांपडलेले असतात, जुन्या मिती खोट्या ठरलेल्या असतात.

मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या ज्या कादंबऱ्यांनीं मुलांना शिवकालाची पहिली गोडी लावली, त्यांत हरि नारायण आपटे यांच्या 'उषःकाल'चें स्थान मोठें आहे. आपट्यांचा जन्म १८६४ चा. १८९० मध्यें त्यांनीं 'करमणूक' हें साप्ताहिक काढलें आणि त्यांतून १८९५ ते १८९७ या काळांत 'उषःकाल' क्रमशः प्रसिद्ध झाली. पुढें १९०३ सालीं 'गड आला पण सिंह गेला' निघाली. पुढच्या पिढीच्या हातीं नाथमाधवांच्या स्वराज्यावरील कादंबऱ्या आल्या, आणि त्याही पुढच्या पिढीच्या हातीं १९६८ सालीं रणजित देसाई यांची 'श्रीमान योगी' आली. पुस्तकें बदललीं, पण वाचणाऱ्याचें वय तेंच राहिलें.

या कादंबऱ्यांची भूमि कोठें दूर नाहीं. पुण्याहून साताऱ्यास जाणाऱ्या रस्त्यानें कात्रजचा घाट ओलांडला, खेड-शिवापूर आणि कापूरहोळ मागें टाकलें, कीं सुमारें ४० किलोमीटरवर किकवी हें गांव लागतें. गांव भोर तालुक्यांतलें. त्याच्या पश्चिमेकडे राजगड आणि तोरणा, पूर्वेच्या बाजूस पुरंदर, नैर्ऋत्येस रोहिडा. पुण्या-मुंबईच्या मुलानें जो मुलूख पुस्तकांत वाचून मनानें रंगविला, तो येथल्या मुलाच्या दारापुढें उभाच असतो. पहिल्या वाचनांत उपयोगी पडतात ते हे डोंगर. दुसऱ्या वाचनांत उपयोगी पडतात तीं या डोंगरांच्या पायथ्याचीं गांवें, आणि त्या गांवांतल्या वाड्यांतून निघालेले कागद.

'उषःकाल'मधील मुख्य पेंच साधा आहे. सुलतानगड हा कल्पित किल्ला. त्याचे वृद्ध किल्लेदार रंगराव अप्पा विजापूर दरबाराशीं एकनिष्ठ. त्यांचा मुलगा नानासाहेब मात्र शिवाजी महाराजांच्या नव्या उद्योगाकडे ओढला गेलेला. चौदा वर्षांच्या वाचकाला यांत पेंच असा दिसतच नाहीं. त्याचें मन पहिल्या पानापासून मुलाच्या बाजूचें असतें. गुप्त खलबतें, रात्रीच्या दौडी, रानांतल्या भेटी, यांत तो रंगून जातो. आणि रंगराव अप्पा बोलूं लागले कीं पानें भराभर उलटतो. म्हातारा केव्हां एकदां बाजूला होतो आणि गोष्ट पुढें सरकते, एवढीच त्याची अपेक्षा.

तीच कादंबरी पन्नाशीच्या सुमारास वाचणाराला एक निराळेंच पुस्तक वाचल्यासारखें वाटतें. आतां पान थांबतें तें रंगराव अप्पांपाशीं. ज्या धन्याचें अन्न खाल्लें त्याच्याशीं हरामखोरी करावयाची नाहीं, हा त्या म्हाताऱ्याचा बाणा वाचकाला भित्रेपणा वाटेनासा होतो. एका बाजूला दिलेला शब्द, दुसऱ्या बाजूला पोटचा मुलगा, आणि दोहोंपैकीं कोणतेंही सोडलें तरी घर मोडणार, ही त्याची कोंडी आतां कळते. मुलाच्या धाडसाची किंमत घरांतल्या कोणाला तरी मोजावी लागते, हें कुमारवयांत दिसत नाहीं. संसार केलेल्या माणसाला तें आधीं दिसतें.

हा बाप आपट्यांनीं खलपुरुष म्हणून रंगविला नाहीं, याचें कारण त्यांच्या काळांत शोधावें लागतें. एक तर ते सर वॉल्टर स्कॉटच्या वळणाचे कादंबरीकार. इतिहासांतील मोठी उलथापालथ एखाद्या कल्पित घरांतल्या कलहांतून दाखवावयाची, ही स्कॉटची रीत त्यांना साधली होती. दुसरें कारण अधिक जवळचें आहे. १८९६ मध्यें रायगडावर शिवजयंतीचा उत्सव झाला. १८९७ च्या जूनमध्यें पुण्यांत रँडचा वध झाला, आणि त्याच सालीं टिळकांना राजद्रोहाबद्दल शिक्षा झाली. त्या दिवसांत पुण्यांतील कितीतरी घरांत वडील सरकारी नोकरींत आणि मुलगा नव्या राजकारणानें भारलेला, असा देखावा असावयाचाच. आपटे स्वतः आनंदाश्रमाचे संस्थापक महादेव चिमणाजी आपटे या चुलत्यांच्या छत्राखालीं वाढलेले. वडीलधाऱ्यांच्या सत्तेचा धाक आणि आधार हीं दोन्ही त्यांना ठाऊक होतीं. सतराव्या शतकांतील सुलतानगडावरचा तंटा 'करमणूक'च्या वाचकाला आपल्याच माजघरांतला वाटला असेल, तर त्यांत नवल नाहीं. पुढें १९३० आणि १९४२ मध्यें ज्या घरांतून मुलें कॉलेज सोडून चळवळींत गेलीं, त्या घरांनाही या गोष्टीचा अर्थ निराळा सांगावा लागला नसेल.

पण या कादंबरीच्या दुसऱ्या वाचनाला खरें बळ मिळतें तें कागदांनीं. आपट्यांनीं लिहिलें तेव्हां मावळांतील देशमुखांचीं दफ्तरें बहुतांशीं बांधलेलीं होतीं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत तीं उजेडांत येऊं लागलीं. किकवीच्या अलीकडे कापूरहोळहून भोरकडे फांटा फुटतो. भोरच्या पलीकडे कारी हें जेधे देशमुखांचें गांव आहे. तेथील जेध्यांच्या संग्रहांतील शकावली लोकमान्य टिळकांच्या हातीं आली, आणि भारत इतिहास संशोधक मंडळामार्फत ती १९१६ मध्यें प्रसिद्ध झाली. जेध्यांच्याच घराण्याचा करीनाही पुढें छापला गेला.

या कागदांत कान्होजी जेधे यांची जी हकीगत आहे, ती वाचतांना 'उषःकाल'चा वाचक चमकल्याशिवाय राहत नाहीं. कान्होजी हे रोहिडखोऱ्याचे देशमुख. १६५९ च्या जून महिन्यांत विजापूरहून त्यांस फर्मान आलें कीं अफजलखानास मिळावें. न मिळाल्यास काय होईल हें निराळें सांगावयास नको होतें. पिढीजात वतन जाणार, घरदार लुटलें जाणार. कान्होजी आपल्या पांच मुलांसह महाराजांकडे गेले आणि फर्मान त्यांच्यापुढें ठेविलें. महाराजांनीं वतनाचें काय होईल, याची त्यांस जाणीव दिली. कान्होजींनीं हातांत पाणी घेऊन वतनावर सोडलें आणि मुलांसह इमान राखण्याची शपथ घेतली. मग त्यांच्या कबिल्यास तळेगांवीं सुरक्षित ठेवण्याची तजवीज झाली.

येथें कादंबरीपेक्षां इतिहास एक पाऊल पुढें गेला आहे. कादंबरींत बाप एका बाजूला आणि मुलगा दुसऱ्या बाजूला. कारीच्या वाड्यांत मात्र बापानेंच मुलांना बरोबर घेऊन उडी टाकली. पांचही मुलें पणाला लावणारा हा बाप तरुण नव्हता, आणि वतनाची किंमत त्याला कोणत्याही तरुणापेक्षां अधिक ठाऊक होती. धाडस हा केवळ पोरवयाचा गुण आहे, ही पहिल्या वाचनांतली समजूत येथें गळून पडते.

आणि त्याच मुलखांत उलट उदाहरणही आहे. भोरजवळच्याच उत्रोळीचे खंडोजी खोपडे अफजलखानास मिळाले. खानाचा निकाल लागल्यावर ते कान्होजींच्या आश्रयास आले. कान्होजींच्या रदबदलीनें त्यांचा जीव वांचला. पण महाराजांनीं त्यांचा एक हात आणि एक पाय तोडविला. दोन शेजारी देशमुख, एकच दरबार, एकच संकट, आणि निवड मात्र दोन. रंगराव अप्पांच्या मनांतली घालमेल ही कादंबरीकाराची कल्पना असली, तरी ती घालमेल या खोऱ्यानें खरोखरीच भोगली होती. जो कागद आपट्यांसमोर नव्हता, त्यांतला प्रश्न त्यांनीं कल्पनेनें बरोबर हेरला, हें त्यांचें मोठेपण दुसऱ्या वाचनांतच कळतें.

आतां, चुकाही दिसतातच. आपट्यांच्या वेळीं महाराजांचा जन्म १६२७ चा धरला जात असे. जेधे शकावलीनें तो शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेस, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० रोजीं आणला. तोरणा घेतला तें साल १६४६ धरलें, तर महाराज त्या वेळीं अवघे सोळा वर्षांचे ठरतात. म्हणजे ज्या वयाचीं मुलें ही गोष्ट चोरून वाचत, त्याच वयाचे! सिंहगडाचेंही तसेंच. तानाजी मालुसरे १६७० च्या फेब्रुवारींत पडले आणि त्यावरून कोंढाण्याचें नांव सिंहगड झालें, असें प्रत्येक मूल शिकतें; परंतु १६६३ सालच्या एका पत्रांत सिंहगड हें नांव आधींच आलेलें आहे. उदेभानानें धरून आणलेल्या कमलकुमारीचें कथानक हें कादंबरीचें, इतिहासाचें नव्हे.

हें कळल्यावर कोणी जुनें पुस्तक रागानें मिटून ठेवील, तर तो स्वतःच्याच कुमारवयावर अन्याय करील. या गोष्टीकडे फिरून फिरून येण्याची ओढ कलावंतांनाही होती. १९२३ मध्यें बाबूराव पेंटर यांनीं 'सिंहगड' हा मूकपट काढला. त्यांत वृद्ध शेलारमामाचें काम केलें एकविशींतील शांतारामांनीं. दहा वर्षांनीं, १९३३ मध्यें, त्याच शांतारामांनीं प्रभातसाठीं 'सिंहगड' बोलपट दिग्दर्शित केला. पहिल्या वेळीं एकाच पात्राच्या दाढीमिशा सांभाळावयाच्या होत्या. दुसऱ्या वेळीं साऱ्या गडाची जबाबदारी अंगावर होती. चांगल्या गोष्टीकडे माणूस परततो तो असा, वाढलेल्या जबाबदारीनिशीं.

पहिल्या वाचनानें मुलाला राजगडाकडे पाहावयास शिकविलें. त्या वेळीं त्याला मित्या आणि पुरावे दिले असते, तर त्यानें ते बाजूला सारले असते. दुसऱ्या वाचनांत तो गडाच्या पायथ्याकडे पाहूं लागतो. कारीच्या नि उत्रोळीच्या वाड्यांत त्या रात्रीं काय बोलणें झालें असेल, असें त्याच्या मनांत येतें. पहिल्यावांचून दुसरें होत नाहीं. म्हणून घरांतल्या मुलानें 'उषःकाल' हातीं घेतली, तर त्याला रंगराव अप्पांचीं पानें उलटूं द्यावींत. पुस्तक त्याच्यासाठीं थांबून राहील. तीं पानें सावकाश वाचावयास तो आपल्या वेळीं परत येईल.