पेकान पाय, कॉर्न सिरप आणि आंत्वान

मागच्या शनिवारी मी पेकान पाय बिघडवला. वरून एकदम फोटोत शोभेल असा, आणि सुरी घातली तर आतून नुसता पाक वाहतोय! बायको म्हणाली, "राहू दे, वाटीत घेऊन चमच्याने खाऊ."

चूक माझीच. हा पाय म्हणजे मुळात कस्टर्ड. अंडी, साखर, लोणी, कॉर्न सिरप, आणि पेकान, म्हणजे अक्रोडाचाच भाऊबंद. अंडी नीट आळली की सारण सायीसारखं मऊ घट्ट होतं. ३५० डिग्री फॅरनहाइटला तासभर तरी लागतो, मी चाळीस मिनिटांत बाहेर काढला. कंपाइल झालं म्हणून रिलीज केलं, दुसरं काय! :-)

तर पुन्हा करायचा म्हणून जुनी, अस्सल रेसिपी शोधायला बसलो. इथे टेक्सासमध्ये प्रत्येकाच्या आजीची एक असते. आणि त्यातल्या बहुतेक आज्यांची रेसिपी सिरपच्या बाटलीवरची निघते! कारो हे कॉर्न सिरप बाजारात आलं १९०२ साली. त्यातून पाय करायची युक्ती कंपनीच्याच एका अधिकाऱ्याच्या बायकोने १९३० च्या दशकात काढली, असं कंपनी सांगते. पेकान पाय त्याआधीही होता. १८८६ च्या अमेरिकन मासिकांत त्याचा उल्लेख आहे, पण तो दूध-अंड्याच्या कस्टर्डचा, बासुंदीच्या जवळ जाणारा. बाटलीवरच्या रेसिपीने त्याला मागे टाकलं. मार्केटिंगवाल्यांना मानलं बुवा.

पण माझं डोकं अडकलं ते पेकानपाशी. जंगली पेकान इथल्या मूळ रहिवाशांचं खाणं. नावही त्यांच्याच भाषांमधलं, अर्थ साधारण 'दगडाने फोडायचं फळ'. आता हापूसची कोय लावली म्हणून हापूस येत नाही, कलमच करावं लागतं, हे कोकणात पोरालाही माहीत असतं. पेकानचंही तेच. चांगल्या झाडाचं बी लावलं तरी फळ कसं येईल याचा भरवसा नाही. लुईझियानातल्या एका डॉक्टरला पातळ कवचाचं एक उत्तम झाड सापडलं होतं. त्याने कलमं करून पाहिली, जमलं नाही. मग त्याच्या काड्या मिसिसिपीकाठच्या ओक ॲली नावाच्या ऊसमळ्यावर गेल्या. तिथल्या माळ्याने १८४६-४७ च्या हिवाळ्यात १६ झाडांवर कलमं बांधली आणि ती जगली.

माळ्याचं नाव आंत्वान. आडनाव नाही, कारण तो गुलाम होता. मळ्याचा मालक १८४८ मध्ये वारला तेव्हा मालमत्तेची यादी झाली. तिच्यात आंत्वान आहे: वय ३८, पेकानच्या कलमांत तरबेज, किंमत १००० डॉलर.

ही ओळ मी दोनतीनदा वाचली. कसब लिहिलंय ते त्याचं कौतुक म्हणून नव्हे, भाव ठरवायला.

गुलामगिरी १८६५ मध्ये संपली. १८७६ साली फिलाडेल्फियाला अमेरिकेच्या शतकपूर्तीचं प्रदर्शन भरलं, तिथे त्याच्या कलमांच्या पेकानना बक्षीस मिळालं. वाणाचं नाव पडलं 'सेंटेनियल', म्हणजे शताब्दी. कलमाने वाढवलेला, नाव मिळालेला पेकानचा हा पहिला वाण. मळा तोवर दुसऱ्याच्या हातात गेला होता. पुढे तिथली बरीचशी झाडं तोडून तिथे ऊस लावला. आज पेकानच्या बागा कलमांवरच उभ्या आहेत.

असो. रविवारी दुसरा पाय केला. निम्मं सिरप कमी करून दूध घातलं, पूर्ण तास भाजला, मध्यभाग जरासा थरथरत होता तेव्हा काढला आणि तीन तास हात लावला नाही. सुरी स्वच्छ बाहेर आली. बायकोने दुसरा तुकडा मागितला, तेव्हा मी तिला आंत्वानची गोष्ट सांगत होतो. ती म्हणाली, "त्याने स्वतः कधी खाल्ला असेल का रे हा पाय?"