उरल्यासुरल्या गाण्यांची तबकडी : ‘ऑड्स अँड सॉड्स’ आणि चोरबाजार

लंडनच्या ‘द हू’ या रॉक बँडने 1974 साली प्रसिद्ध केलेला ‘ऑड्स अँड सॉड्स’ हा संग्रह, ध्वनिमुद्रित होऊनही कोठे ना कोठे पडून राहिलेल्या गाण्यांचा होता. किरकोळ, एकमेकांशी न जुळणारे, किडुकमिडुक अशा अर्थाचे हे बोलभाषेतील शीर्षक संग्रहाला शोभणारे असले, तरी त्यातील नम्रता फारशी खरी मानण्याचे कारण नाही. बँडने 10 वर्षांत जे केले, त्याइतकेच जे अर्धवट सोडले त्याचेही चित्र या अकरा गाण्यांत उमटलेले आहे, आणि ते तसे उमटावे ही संकलकाचीच इच्छा होती.

असा संग्रह काढण्याची गरज निर्माण झाली ती चोरबाजारामुळे. 1969 साली अमेरिकेत ‘ग्रेट व्हाइट वंडर’ या नावाने ओळखली जाणारी, कंपनीचे नाव नसलेली, कोऱ्या पांढऱ्या वेष्टनातील दुहेरी तबकडी विक्रीस आली, आणि तिच्यात बॉब डिलनची अप्रकाशित गाणी होती. कलावंताच्या व कंपनीच्या परवानगीवाचून काढलेल्या अशा तबकड्यांना ‘बूटलेग’ म्हणतात. बाजारात आलेल्या तबकडीची नक्कल करून ती स्वस्तात विकणे हा निराळा गुन्हा, कारण बूटलेगमध्ये मुळात प्रसिद्धच न झालेली सामग्री असते. अमेरिकेच्या संघीय स्वामित्वहक्क कायद्याने गीताच्या शब्दांना व चालीला संरक्षण दिले होते, परंतु ध्वनिमुद्रणाला ते 15 फेब्रुवारी 1972 पासून, आणि तेही त्या दिवसानंतर केलेल्या मुद्रणांनाच मिळाले; त्यामुळे या धंद्याला बराच काळ मोकळे रान राहिले. ‘द हू’ने या प्रकाराची आधी थट्टाच केली होती, कारण 1970 सालच्या ‘लाइव्ह ॲट लीड्स’ या मैफलीच्या तबकडीचे तपकिरी, शिक्का मारलेले साधे वेष्टन मुद्दाम बूटलेगसारखे दिसेल असे बनवलेले होते. पुढे मात्र स्वतःच्या न निघालेल्या गाण्यांच्या चोरट्या तबकड्या फिरू लागल्या, तेव्हा तीच गाणी अधिक चांगल्या प्रतीच्या मुद्रणात आपण स्वतः द्यावीत असे बँडमध्ये ठरले.

हे काम बेसवादक जॉन एन्टव्हिसल याच्याकडे आले. केन रसेल दिग्दर्शित ‘टॉमी’ या चित्रपटाच्या कामात त्याचे सहकारी गुंतलेले असताना त्याने निर्माता जॉन अल्कॉक याच्यासह जुन्या फिती ऐकून, निवडून, त्यांचे ध्वनिमिश्रण केले. मंचावर एका कोपऱ्यात जवळपास निश्चल उभा राहणारा हा वादक बँडच्या इतिहासात नेहमीच दुय्यम मानला गेला. त्याच्याच हाती बँडच्या स्मृतीचे संपादन यावे आणि त्याने संग्रहाचा आरंभ स्वतः रचलेल्या ‘पोस्टकार्ड’ या गाण्याने करावा, यात थोडा मिस्कीलपणा दिसतो. गाण्यांवरील टिपणे मात्र प्रमुख गीतकार पीट टाउनशेंड याने लिहिली.

निवडलेली गाणी मागे पडण्याची कारणे एकसारखी नाहीत, आणि संग्रहाचे ऐतिहासिक मोल त्यातच आहे. ‘लिटल बिली’ हे धूम्रपानविरोधी गीत 1968 साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीसाठी रचले गेले, पण वापरात आले नाही. त्याच वर्षीच्या ‘ग्लो गर्ल’मध्ये विमान अपघातात सापडलेल्या मुलीचा पुनर्जन्म सूचित होतो, आणि त्यातील मुलीच्या जन्माची अखेरची वार्ता किंचित बदलून 1969 सालच्या ‘टॉमी’ या रॉक-ऑपेराच्या, म्हणजे सलग कथानक सांगणाऱ्या गीतमालिकेच्या, आरंभी मुलाच्या जन्माची वार्ता म्हणून वापरली गेली. मूळ गाणे मागे पडले ते नापसंत ठरल्यामुळे नव्हे, तर त्याचा गाभा दुसरीकडे कामी आल्यामुळे. ‘आय ॲम द फेस’ हे तर अप्रकाशित नव्हतेच. नेटकेपणे पेहराव करणारे, स्कूटरवरून हिंडणारे आणि अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या संगीतावर प्रेम करणारे जे ‘मॉड’ तरुण त्या काळी लंडनमध्ये होते, त्यांच्यासाठी हा बँड 1964 साली ‘द हाय नंबर्स’ या नावाने वाजवीत असताना निघालेली ही त्याची पहिली तबकडी. ती फारशी खपली नाही आणि 10 वर्षांत दुर्मीळ होऊन बसली.

या सर्वांत ‘प्युअर अँड ईझी’ हे गाणे निःसंशय श्रेष्ठ आहे. ‘टॉमी’नंतर टाउनशेंडने ‘लाइफहाउस’ नावाचा, चित्रपट व मैफल यांना एकत्र आणणारा प्रकल्प आखला होता. प्रदूषणामुळे घराबाहेर पडणे अशक्य झालेल्या भविष्यकाळात लोक एका जाळ्याला जोडलेल्या पोशाखांत जगतात, संगीत विसरले गेलेले असते, आणि एका मैफलीत सर्वांना एकरूप करणारा एकच मूळ स्वर सापडतो, अशी त्याची कल्पना होती. तिच्यामागे बडोद्यात जन्मलेले सूफी गायक-विचारवंत इनायत खान यांचे नादविषयक चिंतन आणि पुण्यात जन्मलेले, अहमदनगरजवळ मेहेराबाद येथे समाधिस्थ असलेले मेहेरबाबा यांची शिकवण होती. टाउनशेंड 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मेहेरबाबांचा अनुयायी होता. लंडनच्या यंग व्हिक नाट्यगृहातील प्रयोगांनंतर 1971 मध्ये हा प्रकल्प कोसळला आणि त्यातील गाण्यांतून ‘हूज नेक्स्ट’ ही तबकडी तयार झाली, परंतु ज्या गाण्याभोवती सारे रचले होते ते ‘प्युअर अँड ईझी’ तिच्यात आले नाही. त्याचा एक धागा ‘द साँग इज ओव्हर’च्या शेवटी तेवढा ऐकू येत राहिला. टाउनशेंडने 1972 साली आपल्या एकल तबकडीत ते गायले असले, तरी बँडचे रूप श्रोत्यांना मिळाले ते एन्टव्हिसलच्या संग्रहातूनच. त्याच्या लगेच नंतर ठेवलेले ‘फेथ इन समथिंग बिगर’ हे श्रद्धेचेच गाणे असूनही भाबडे वाटते, आणि ते 1968 मध्येच ठेवले असते तरी चालले असते.

संग्रह ब्रिटनच्या यादीत दहाव्या, तर अमेरिकेत पंधराव्या क्रमांकापर्यंत गेला. पुढच्याच वर्षी डिलनची 1967 सालची तळघरातील गाणी, ज्यांनी बूटलेगचा धंदा सुरू करून दिला होता, ‘द बेसमेंट टेप्स’ या नावाने अधिकृतपणे निघाली. पुढे कायद्यानेही या प्रथेला वेगळेच वळण दिले : युरोपीय संघाच्या 2011 च्या निर्देशाने ध्वनिमुद्रणाचे संरक्षण 50 वरून 70 वर्षांवर नेले, पण ही वाढीव मुदत 50 वर्षांच्या आत प्रसिद्ध झालेल्या मुद्रणांनाच मिळणार होती, परिणामी केवळ हक्क टिकवण्यासाठी कंपन्या जुन्या फिती मोजक्या प्रतींत काढू लागल्या. 2012 साली डिलनचा असा एक संच सुमारे शंभर प्रतींत युरोपात निघाला.

‘ऑड्स अँड सॉड्स’ची 1998 साली विस्तारित आवृत्ती निघाली, तेव्हा अकराची तेवीस गाणी झाली आणि क्रम बहुतांशी कालानुसार लावला गेला. ‘आय ॲम द फेस’ नवव्या स्थानावरून पहिल्या स्थानी आले. अभ्यासकाला ही मांडणी अधिक सोयीची आहे. परंतु एन्टव्हिसलने जे बँडचे समांतर चरित्र रचले होते, ते तीत विस्कटले, आणि त्यासाठी आजही 1974 सालची तबकडीच ऐकावी लागते.