शटर ठरवतो तो उजेड

कॅमेरा आधी आला, शटर मागाहून. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हा कागदाला किंवा ओल्या काचेला कित्येक सेकंद उजेड द्यावा लागे. भिंगावरचं झाकण हातानं काढून पुन्हा लावलं की भागत असे. उजेड झपाट्यानं टिपणाऱ्या कोरड्या काचा आल्या, हात अपुरा पडला आणि यांत्रिक शटर अपरिहार्य झालं. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून आणलेल्या चलत्‌चित्र कॅमेऱ्यात ते फिरत्या चकतीच्या रूपात होतं, कारण फिल्म सरकताना तिच्यावर उजेड पडून चालत नाही. शटर कोणतं हवं, हे उजेड आणि तो टिपणारा पृष्ठभाग ठरवतात, सवय नव्हे.

डिजिटल कॅमेऱ्यातही हेच दिसतं. २००४ च्या निकॉन डी७० मध्ये सीसीडी सेन्सर होता. त्याच्या इलेक्ट्रॉनिक शटरमुळे १/५०० सेकंदाला फ्लॅश चाले. पुढे सीमॉस सेन्सर रुळले. ते बहुधा ओळीओळीनं वाचले जातात आणि अनेक कॅमेऱ्यांत पूर्ण वाचनाला १/१५ ते १/६० सेकंद लागतो. वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावचा लग्नमंडप घ्या. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. मंगलाष्टकं संपताच उडालेल्या अक्षता हवेत गोठवायला इलेक्ट्रॉनिक शटर १/५०० सेकंदावर ठेवलं, की काही ओळी उजेडात आणि काही अंधारात टिपल्या जातात. नवरीच्या शालूवर आडवे पट्टे उमटतात. यांत्रिक शटरचा पडदा सुमारे १/२५० सेकंदात चौकट ओलांडतो, म्हणून हा दोष पुष्कळ कमी होतो.

मग १/१०० सेकंदच ठेवावा, असं कुणी म्हणेल. पट्टे जातील, पण अक्षतांच्या रेघा होतील. २०२१ च्या निकॉन झेड९ मध्ये यांत्रिक शटरच नाही, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. मात्र तिथं पडद्याचं काम सेन्सरच्या अतिवेगवान वाचनानं केलं आहे आणि त्या वेगाची किंमत लाखांत मोजावी लागते. यांत्रिक शटर झिजतं, हेही खरंच. म्हणून तर जुना कॅमेरा घेणारा आधी शटर काउंट, म्हणजे शटर किती वेळा चाललं तो आकडा, विचारतो. कीर्तनात किंवा शोकसभेत आवाज नसलेलं इलेक्ट्रॉनिक शटरच मला योग्य वाटतं. पण तालुक्याच्या गावी लग्नाच्या हंगामावर पोट असलेल्या छायाचित्रकाराला ‘पडदा आता कालबाह्य झाला’ असं सांगणं अन्यायाचं आहे. त्याच्या मंडपातला उजेड अजून बदललेला नाही.