शेवटच्या रकान्यातला आकडा: फुटबॉलपटूची किंमत नक्की कशाची किंमत असते?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक आराखडा मोठ्या हौसेने सादर केला होता. फुटबॉल क्लब खेळाडूचं मोल कसं ठरवतात, हे मॉडेलने सांगायचं, असा विषय. एक्सेलमध्ये वय, गोल, खेळलेली मिनिटं, मैदानावरची जागा असे रकाने आणि शेवटी ट्रान्सफर फी. मॅडमनी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, "ही नक्की कशाची किंमत आहे?" मी म्हणालो, "खेळाडूची." त्या म्हणाल्या, "मग इतिहास वाचून ये."

विज्ञान शाखेच्या माणसाला हे जरा लागतं. पण गेलो, वाचलं, आणि आराखडा बदलावा लागला. तुम्ही सध्या संशोधनाचा विषय शोधत असाल, तर हा इतिहास तुमच्याही कामाचा आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. आयपीएलचा लिलाव डोळ्यांसमोर आणू नका. तिथे बोली लागते ती खेळाडूच्या मानधनाची, म्हणजे पैसे खेळाडूला मिळतात. फुटबॉलमध्ये ट्रान्सफर फी जाते जुन्या क्लबकडे. खेळाडूचा पगार वेगळा ठरतो. मग जुना क्लब नेमकं विकतो तरी काय?

नोंदणीची किंमत

इंग्लंडमध्ये १८८५ साली पैसे घेऊन खेळणाऱ्यांना अधिकृत मान्यता मिळाली आणि त्यांची नोंदणी सुरू झाली. १८८८ मध्ये फुटबॉल लीग आली. खेळाडू मनाला येईल तसे क्लब बदलू लागले, तर श्रीमंत क्लब सगळे चांगले खेळाडू पळवतील, अशी भीती होती. म्हणून १८९३ पासून नियम झाला की एकदा एका क्लबकडे नोंदणी झाली, की त्या क्लबच्या संमतीशिवाय लीगमधल्या दुसऱ्या क्लबकडून खेळता येणार नाही. करार संपला तरीही नाही! क्लबने विकलं नाही आणि सोडलंही नाही, तर खेळाडू अडकून पडणार. त्यात १९०१ मध्ये पगारावर मर्यादा आली, आठवड्याला जास्तीत जास्त ४ पौंड.

आता गंमत बघा. १९०५ च्या फेब्रुवारीत मिडल्सब्रोने संडरलँडकडून आल्फ कॉमन हा खेळाडू १००० पौंडांना घेतला. चार आकडी रकमेचा हा पहिला व्यवहार, त्यामुळे बराच गहजब झाला. हिशेब केला तर ही रक्कम म्हणजे कमाल पगाराचे २५० आठवडे, जवळपास पाच वर्षांची कमाई. पगार गोठवल्यामुळे चांगल्या खेळाडूचं वाढीव मोल त्याच्या खिशात जाऊच शकत नव्हतं. ते क्लबांमधल्या फीमध्ये साठत होतं. शिवाय मिडल्सब्रोवर तेव्हा पहिल्या विभागातून खाली घसरण्याची वेळ आली होती. म्हणजे १००० पौंडांत कॉमनच्या गोलांइतकीच घेणाऱ्याची निकडही होती. (ते त्या हंगामात वाचले.)

१९०८ मध्ये फीवर ३५० पौंडांची मर्यादा घालून पाहिली. क्लबांनी सोबत दुसरा एखादा फारसा कामाचा नसलेला खेळाडू 'विकून' उरलेले पैसे फिरवले आणि काही महिन्यांतच मर्यादा मागे घ्यावी लागली. संशोधक म्हणून इथे थांबा. अशा काळातला नोंदवलेला आकडा कागदावर बरोबर असतो, पण त्यावरून मोल कळत नाही.

न्यायालयाने बदललेली किंमत

पगारमर्यादा १९६१ मध्ये गेली. जॉर्ज ईस्टहॅमने न्यूकॅसलविरुद्ध लढवलेल्या खटल्यात १९६३ साली न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी करार संपलेल्या खेळाडूला अडवून ठेवणं अन्यायकारक ठरवलं. तरी फीची पद्धत पूर्ण सुटली नाही.

खरा तडाखा बसला बेल्जियममधून. जाँ-मार्क बॉसमनचा लीज क्लबबरोबरचा करार १९९० मध्ये संपला. क्लबने नव्या करारात पगार १ लाख २० हजार फ्रँकवरून ३० हजारांवर आणला. त्याला फ्रान्समधल्या डंकर्कला जायचं होतं, पण तो व्यवहार फिसकटला. तो न्यायालयात गेला. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की करार संपल्यावर युरोपीय संघातला खेळाडू संघातल्याच दुसऱ्या देशातल्या क्लबकडे गेला, तर फी मागता येणार नाही. या लढ्यात बॉसमनची स्वतःची कारकीर्द मात्र जवळपास संपली.

या दिवसापासून जुना क्लब जे विकतो ते बदललं. आता तो विकतो कराराचा उरलेला काळ. तीन वर्षं उरली असतील तर तो ताणून धरू शकतो, सहा महिने उरले असतील तर मिळेल ते घेतो.

आता माझं मॉडेल कुठे आपटलं ते सांगतो. २०१३-१४ मध्ये रॉबर्ट लेवांडोव्स्की जर्मन बुंडेसलिगात सर्वाधिक गोल करणारा खेळाडू होता. त्याच उन्हाळ्यात तो डॉर्टमुंडहून बायर्नला गेला. फी शून्य, कारण करार संपला होता. किलियन एम्बापेसाठी पॅरिसने मोनॅकोला सुमारे १८ कोटी युरो मोजल्याचं सांगितलं जातं. २०२४ मध्ये फ्रेंच लीगचा सर्वाधिक गोल करणारा म्हणून तो रेआल माद्रिदला गेला, तेव्हा फी पुन्हा शून्य. माझ्या एक्सेलच्या भाषेत हे दोघे फुकटे!

उलट टोकाला नेमार. २०१७ चे २२.२ कोटी युरो हा कोणी बांधलेला अंदाज नव्हता. बार्सिलोनाबरोबरच्या करारातच करार मोडण्याची ती रक्कम लिहिलेली होती आणि ती भरली गेली.

हिशेबाची वहीही किंमत हलवते. १० कोटींना घेतलेल्या खेळाडूचा करार ५ वर्षांचा असेल, तर वर्षाला २ कोटी खर्च दिसतो. ८ वर्षांचा असेल तर सव्वा कोटी. चेल्सीने २०२२-२३ मध्ये काही खेळाडूंना आठ वर्षांच्या आसपासचे करार दिले आणि २०२३ मध्ये यूएफाने आपल्या आर्थिक नियमांसाठी ही विभागणी पाच वर्षांपुरती मर्यादित केली.

मग करायचं काय?

आराखडा लिहिताना मी आता हे पाळतो:

१. फीच्या शेजारी 'कराराचे उरलेले महिने' हा रकाना हवाच. तो मिळत नसेल तर तेवढी मर्यादा स्पष्ट लिहायची.

२. करार संपल्यामुळे आलेला शून्य आणि मोल नसल्यामुळे आलेला शून्य वेगळे ठेवायचे.

३. १९९५ च्या अलीकडचा आणि पलीकडचा डेटा एकाच समीकरणात घालायचा नाही. रकान्याचं नाव तेच, पण विकली जाणारी वस्तू वेगळी आहे.

४. जे खेळाडू विकलेच गेले नाहीत, त्यांना फीच नाही. फक्त विकल्या गेलेल्यांवरून सगळ्यांबद्दल बोलायचं नाही.

५. ट्रान्सफरमार्क्टसारख्या संकेतस्थळावरचं 'बाजारमूल्य' वापरलं, तर तो वापरकर्त्यांच्या चर्चेतून ठरलेला अंदाज आहे, व्यवहार नव्हे. तसं सांगून वापरायला हरकत नाही.

माझा विषय शेवटी बदलला. "खेळाडूचं मोल किती?" याऐवजी "कराराचा एक महिना कमी झाला की फी किती घसरते?" असा प्रश्न घेतला. लहान वाटतो, पण याचं उत्तर डेटा देऊ शकतो.

तुमचा विषय कांद्याचे भाव असो, घरभाडं असो की प्रवेश परीक्षेतले गुण. शेवटच्या रकान्यावर बोट ठेवा आणि मॅडमचा प्रश्न स्वतःला विचारा. तोंडी परीक्षेत कुणीतरी विचारणारच आहे.