बोरघाट आणि मोटारींची घरची डागडुजी

मुंबईहून पुण्यास निघालेल्या जुन्या मोटारवाल्याला घोरावाडीचें स्टेशन दिसलें, कीं खरी कसोटी केव्हांच मागें पडलेली असे. ती कसोटी बोरघाटाची. हा रस्ता १८३० सालीं गाड्यांसाठीं खुला झाला. तो बैलांचा दम पाहून आखलेला, इंजिनाचा नव्हे.

१९०८ ते १९२७ पर्यंत निघालेली फोर्डची ‘टी’ मोटार पहा. शक्ति अवघी २० अश्वांची. पेट्रोलची टाकी बैठकीखालीं, आणि पंप नाहीं. टाकींत पेट्रोल कमी असतां उभा चढ लागला, कीं पुढचें इंजिन उंच होऊन उपाशी राही. मग गाडी फिरवून उलट्या गिअरनें चढवीत! तो गिअर पहिल्याहूनहि जोरकस, हा आणखी लाभ.

पाणी उकळूं नये म्हणून धुण्याच्या सोड्यानें रेडिएटर धुणें, हेड काढून काजळी खरवडणें, व्हॉल्व्ह घोटून बसविणें, हीं कामें हौशी मालक घरींच करी. फारच हौशी असला तर हेड घासून घेई. दाब वाढे, जोर वाढे. पण हलक्या पेट्रोलवर इंजिन ठोके देऊं लागे. हौसेला मोल नसतें म्हणतात, तें खोटें.

दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलचें रेशनिंग झालें आणि मोटारींच्या पाठीशीं कोळशाच्या भट्ट्या आल्या. त्या वायूनें शक्ति निदान तृतीयांशानें घटे. तो सावकाश जळे, म्हणून ठिणगी लवकर पाडावी लागे. गाळणींतून राख निसटली कीं सिलिंडर झिजत. घासलेल्या हेडचें चीज मात्र याच काळांत झालें, कारण हा वायु अधिक दाब बिनतक्रार सोशी.