कमावलेले शरीर : वऱ्हाडचा आखाडा आणि शल्यविशारदाची सुरी

पैसा, नाव, कातडे आणि शरीर या चारही गोष्टी मराठीत 'कमावल्या' जातात. पैसा आणि नाव बाहेरून येते. कातडे आणि शरीर मात्र स्वतःच पालटते. कच्चे कातडे भिजवून, घासून, ताणून टिकाऊ होते, तर शरीर जोर, बैठका आणि घामाने. म्हणून 'कमावलेले शरीर' या शब्दांत कौतुकाबरोबरच एक नैतिक हिशेबही दडलेला आहे: कष्ट केले, तेव्हा मिळाले. चाळीस किलो वजन उतरलेल्या माणसाविषयी अमरावती-अकोल्याकडे बोलणे निघाले की हाच हिशेब पुढे येतो. "थ्यानं कायचं कमी केलं बापा, ऑपरेशन केलं ना!" या एका वाक्याने त्या माणसाची सारी कमाई खोटी ठरते. हा तुच्छतेचा सूर आला कोठून, आणि इतिहासाच्या कसोटीवर तो टिकतो का, हा या धाग्याचा विषय.

प्रारंभ लठ्ठपणापासून करता येत नाही. तो दुष्काळापासूनच करावा लागतो.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला. पुढल्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. लोहमार्ग आला, अमरावती आणि खामगावच्या बाजारपेठा नावारूपाला आल्या. इतिहासकार लक्ष्मण सत्या यांनी दाखवून दिले आहे की, या भरभराटीची किंमत धान्याच्या पिकांनी आणि गायरानांनी मोजली. कापूस खाता येत नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत हे सत्य फार क्रूरपणे सिद्ध झाले. १८९१ च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती, १९०१ मध्ये ती साडेसत्तावीस लाखांवर आली. दहा वर्षांत एक प्रांत वाढण्याऐवजी आक्रसला.

अशा प्रदेशात अंगावरचे मांस म्हणजे घरातले धान्य. 'खात्यापित्या घरचा' हे वर्णन स्तुतीचे होते आणि बाळाला बाळसे धरावे यासाठी नवस बोलले जात. वजन उतरण्यासाठी भाषेत जे शब्द आहेत ते पाहावेत: वाळणे, रोडावणे, खंगणे, झिजणे. सगळे आजाराचे किंवा दुःखाचे. वजन घटणे ही अभिनंदनाची गोष्ट असू शकते, याची सोय या भाषेने केलेली नव्हती, कारण तिला तशी गरजच पडली नव्हती.

त्या भीषण दुष्काळानंतर अवघ्या चौदा वर्षांनी, १९१४ मध्ये, अमरावतीत अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी जो आखाडा उभा केला, तो पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून देशभर ओळखला गेला. काळ शरीरसंस्कृतीचा होता. युजेन सँडो हा युरोपातील विख्यात शरीरसौष्ठवपटू १९०५ च्या सुमारास हिंदुस्थानात प्रयोग करून गेला होता. 'लढाऊ' आणि 'बिनलढाऊ' जातींची इंग्रजी वर्गवारी सुशिक्षितांना डाचत होती. बलोपासना हे त्यावरचे उत्तर होते. मंडळाने कुस्ती, मल्लखांब, लाठी, लेझीम यांना एकत्र आणले आणि उन्हाळी वर्गांतून शिक्षक घडवून गावोगाव पाठवले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने मंडळाच्या पथकाने थेट जर्मनीत भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. वऱ्हाडातील मुलांनी बर्लिनमध्ये कबड्डी खेळून दाखवली, ही घटना आजही पुरेशी सांगितली जात नाही.

या परंपरेतून 'शरीर हे स्वकष्टाचे' ही शिकवण वऱ्हाडच्या मनात पक्की बसली. मात्र तिच्याकडे बारकाईने पाहिले तर दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली ही की, आखाड्याचे ध्येय वजन घटवणे हे नव्हतेच, ते बळ वाढवणे होते. दुसरी अधिक महत्त्वाची. तेथील कष्ट कधीही एकट्याचे नव्हते. पहाटेची वेळ वस्तादाने ठरवलेली असे. एक दिवस चुकला तर जोडीदार घरी येऊन उठवी. मातीची मशागत सगळे मिळून करत, आणि खुराक? तो घरचे लोक किंवा एखादा आश्रयदाता पुरवी. दूध, तूप, बदाम यांचा खर्च पैलवान स्वतः क्वचितच उचलत असे. ज्याला आज 'वैयक्तिक प्रयत्न' म्हणतात, तो त्या काळी एका संपूर्ण संस्थेचा प्रयत्न होता.

आणि ती संस्था सुटली की काय होते, हेही तालमींनी पाहिले आहे. मेहनत थांबते, खुराकाची सवय राहते आणि दोन-चार वर्षांत पैलवानाचे अंग सुटते. ज्याच्या इच्छाशक्तीवर शंका घेता येणार नाही अशा माणसाचे हे होते. मग इच्छाशक्ती हे उत्तर अपुरे आहे, हे तेव्हाच कळायला हवे होते.

दरम्यान ताटही बदलले. ज्वारीची भाकरी हा वऱ्हाडचा कणा. गेल्या काही दशकांत खरिपाच्या ज्वारीची मोठी जागा सोयाबीनने घेतली, ताटात गहू-तांदूळ वाढला, तेल स्वस्त आणि मुबलक झाले. शेगावची कचोरी एके काळी गाडी थांबल्यावर फलाटावर घ्यायची वस्तू होती. आता तशा चवीसाठी गाडीची वाट पाहावी लागत नाही. शेतातले चालणे दुचाकीने संपवले.

याच काळात सातासमुद्रापलीकडे दुसरी कथा घडत होती आणि तिचे एक टोक, योगायोगाने, उपासमारीतच होते. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या संशोधकाने ३६ निरोगी तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले. युद्ध नाकारणारे हे तरुण स्वेच्छेने आले होते आणि उद्देश युरोपातील उपाशी जनतेला पुन्हा कसे पोसावे हे शिकण्याचा होता. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले. शरीराने खर्च आवरता घेतला, थंडी वाजू लागली, मन दिवसभर अन्नाभोवती घुटमळू लागले. पुन्हा अन्न मिळाल्यावर भूक आवरेना, आणि परतलेल्या वजनात चरबीचा वाटा आधीपेक्षा जास्त होता. वजन घटवणे हे शरीराला दुष्काळासारखेच वाटते, हे या प्रयोगाने प्रथम इतक्या तपशिलाने नोंदवले.

त्याच मिनेसोटा विद्यापीठातून १९५४ मध्ये क्रेमेन आणि लिनर या शल्यविशारदांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळण्याच्या शस्त्रक्रियेविषयी लिहिले. तिने वजन उतरे, पण यकृत निकामी होण्यासारखे दुष्परिणाम इतके होते की पुढे ती सोडून द्यावी लागली. १९६६ मध्ये आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी जठराचा छोटा कप्पा करून तो आतड्याला जोडण्याची पद्धत सुरू केली. जठरातील व्रणासाठी शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांचे वजन वाढता वाढत नाही, हे त्यांच्या लक्षात आले होते. १९९० च्या दशकात हे काम दुर्बिणीतून होऊ लागले आणि पुढे भारतातही रुजले. वऱ्हाडातून अशा शस्त्रक्रियेसाठी निघालेला माणूस नागपूर, पुणे किंवा मुंबई गाठतो.

शस्त्रक्रिया कोणाची करावी हे बव्हंशी ठरते बॉडी मास इंडेक्सवर. हे सूत्र एकोणिसाव्या शतकातील बेल्जियन गणिती केतले यांचे, परंतु १९७२ मध्ये त्याला हे नाव देऊन रूढ करणारे पुन्हा अँसेल कीजच. हे माप भारतीयांना जसेच्या तसे लागू पडत नाही, हे सांगण्याचा मान पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी स्वतःचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापले. दोघांचा निर्देशांक एकच, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! युडकिन मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिक रुग्णालयाच्या लिफ्टचे दार मिटण्याआधी धावतात, अशी मिश्कील टीपही सोबत होती. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांच्या मोजमापांतून याज्ञिकांनी मांडलेले सूत्र असे की, कुपोषित मातांची बाळे वजनाने कमी असूनही चरबीने तुलनेने अधिक असतात. दुष्काळाची आठवण ठेवणाऱ्या प्रदेशाने हे संशोधन आवर्जून वाचावे असे आहे.

आता प्रयत्नांचा हिशेब. २०१६ मध्ये केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील एका वजन घटवण्याच्या दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी पुन्हा तपासले. त्यांनी सरासरी ५८ किलो घटवले होते, पैकी ४१ किलो परत आले होते. त्यांचे शरीर विश्रांतीत अपेक्षेपेक्षा दररोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होते. म्हणजे इतरांइतकेच जेवूनही त्यांचे वजन वाढत राहावे, अशी स्थिती. यांना आळशी कोण म्हणेल?

मग शस्त्रक्रिया ही पळवाट आहे काय? स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासाने शस्त्रक्रिया झालेले सुमारे दोन हजार आणि न झालेले तितकेच रुग्ण वर्षानुवर्षे पाहिले. जठराच्या बायपासनंतर पहिल्या एक-दोन वर्षांत वजन ३२ टक्के उतरले, पण दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर आली होती. शस्त्रक्रिया न झालेल्यांचे वजन जवळजवळ जागचे हलले नाही. मृत्यूचे प्रमाणही शस्त्रक्रिया झालेल्यांत कमी आढळले. म्हणजे सुरी काम करते, पण तिचेही काम झिजते. त्यानंतर आयुष्यभर लहान घास, जीवनसत्त्व ब-१२ आणि लोह, पुरेशी प्रथिने, वेळोवेळी रक्ततपासणी. बायपास झालेल्याने लग्नाच्या पंगतीत जिलेबीवर ताव मारला तर घाम, धडधड आणि मळमळ त्याला तिथेच गाठू शकते. याला कष्ट म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

विदर्भाने या वादाची दोन्ही टोके सार्वजनिक जीवनात पाहिली आहेत. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार हे अनेक पदव्यांसाठी प्रसिद्ध, पण दिवसातून दोनदाच जेवण्याविषयीची त्यांची व्याख्यानेही गाजली होती. २००४ मध्ये त्यांचे अपघाती निधन झाले. त्यांच्या विचाराने प्रभावित झालेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो महाराष्ट्रभर नेला: भूक लागेल तेव्हा दोन वेळा, ५५ मिनिटांच्या आत जेवण, आणि ४५ मिनिटे चालणे. त्यांच्या पुस्तकाच्या नावातच 'विनासायास वेटलॉस' असे शब्द आहेत. शस्त्रक्रियेला 'सोपा मार्ग' म्हणून हिणवणाऱ्या समाजाने विनासायास हा शब्द मात्र आनंदाने उचलून धरला. विसंगती असावी तर अशी.

दुसरे टोक नितीन गडकरी यांचे. २०११ मध्ये भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना मुंबईत त्यांच्यावर वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झाली आणि वर्तमानपत्रांत ती छापूनही आली. फेब्रुवारी २०२२ मध्ये याच गडकरींनी उज्जैनचे खासदार अनिल फिरोजिया यांना भर सभेत आव्हान दिले: जितके किलो घटवाल, तितके हजार कोटी रुपये मतदारसंघाच्या विकासाला देऊ. आपले वजन पूर्वी १३५ किलो होते, आता ९३ आहे, असेही त्यांनी सांगितले. फिरोजियांनी व्यायाम आणि आहाराच्या बळावर काही महिन्यांतच पंधरा किलो उतरवले. लोकांनी तो विनोद म्हणून पाहिला. इतिहासाच्या दृष्टीने त्यातील अर्थपूर्ण गोष्ट वेगळी आहे. गडकरी आपल्या रोजच्या योगासन-प्राणायामाविषयीही जाहीरपणे बोलत आले आहेत. एकाच माणसाच्या आयुष्यात सुरी आणि सतरंजी दोन्ही आहेत, आणि त्यांचे परस्परांशी भांडण नाही. भांडण आहे ते ऐकणाऱ्यांच्या मनात.

आता इंजेक्शनांची तिसरी वाटही आली आहे. टिर्झेपॅटाइड २०२५ च्या मार्चमध्ये भारतात विक्रीस आले. औषध थांबवल्यावर बरेचसे वजन परतते, हे त्याच्याही चाचण्यांत दिसले आहे.

राहिला तो कागद. २०१९ मध्ये विमा नियामकाने आरोग्य विम्यातील अपवादांचे प्रमाणित शब्द ठरवून दिले. त्यांनुसार लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेचा खर्च मिळण्यासाठी निर्देशांक ४० किंवा अधिक हवा, अथवा गंभीर सहव्याधींसह ३५ किंवा अधिक. या दुसऱ्या गटात वजन घटवण्याचे कमी तीव्र उपाय अपयशी ठरलेले असले पाहिजेत. म्हणजे या गटातील अकोल्याच्या रुग्णाला विम्याचा खर्च मिळण्याआधी आपण कष्ट केले होते आणि ते पुरले नाहीत, हे सिद्ध करावे लागते. फाईलमध्ये आहारतज्ज्ञाच्या चिठ्ठ्या आणि तारखांसह नोंदवलेली वजने लावण्याची वेळ येऊ शकते. "ऑपरेशन केलं ना" म्हणणाऱ्याने ती फाईल कधी पाहिलेली नसते.