तात्पर्याच्या खुणा

‘खालील उतारा वाचून त्यातील मध्यवर्ती कल्पना एका वाक्यात लिहा.’ परीक्षेतील हा प्रश्न दिसावयास साधा, परंतु भाषेच्या साऱ्या प्रश्नपत्रिकेत त्याच्याइतका अवघड प्रश्न क्वचितच असेल. पुष्कळ विद्यार्थी उताऱ्याचे पहिले वाक्य उतरवून काढतात, काही शेवटचे. क्रमिक पुस्तकातला धडा असेल तर बाजारी मार्गदर्शिकेतील तात्पर्य पाठ केलेले असतेच. मुले आळशी असतात म्हणूनच असे होते, असे नाही. लेखातला मुख्य मुद्दा कसा शोधावा हे त्यांना कोणी दाखविलेलेच नसते. वस्तुतः ही विद्या परीक्षांहून फार जुनी आहे.

भारतात तिचा पाया मीमांसकांनी घातला. वेदवाक्यांत प्रत्यक्ष करावयास सांगितलेली गोष्ट कोणती आणि तिची नुसती स्तुती कोणती, हे ठरविल्यावाचून यज्ञकर्माचे पाऊल पुढे पडत नव्हते. या गरजेतून वाक्यार्थ लावण्याचे नियम सिद्ध झाले व पुढे वेदान्त्यांनीही ते उपयोगात आणले. त्यांत तात्पर्य ओळखण्याच्या सहा खुणा सांगितल्या आहेत. आरंभ व शेवट एकच गोष्ट सांगतात काय, ही पहिली. कोणती गोष्ट पुनःपुन्हा येते, ही दुसरी. अन्यत्र न मिळणारे असे नवे काय सांगितले आहे, ही तिसरी. त्यापासून फळ कोणते, ही चौथी. स्तुतीसाठी, निंदेसाठी वा शोभेसाठी आलेला भाग कोणता, ही पाचवी. आणि मुद्दा पटावा म्हणून दिलेली युक्ती वा दृष्टान्त कोणता, ही सहावी.

सदानंदांच्या ‘वेदान्तसार’ या ग्रंथात या खुणा छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायाला लावून दाखविल्या आहेत. तेथे उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, ब्रह्मविद्या शिकवितो. मातीचा एक गोळा कळला की मातीची सारी भांडी कळतात, असा दृष्टान्त तो देतो. पाण्यात विरघळलेल्या मिठाचाही देतो. पण मुख्य उपदेश एकच असून तो नऊ वेळा येतो. हा अध्याय माती व मीठ यांविषयी आहे, असे जो म्हणेल त्याने सारे शब्द वाचले, पण मुद्दा गमावला.

युरोपातील मठांच्या शाळांतही हाच विचार चालू होता. बाराव्या शतकात पॅरिसच्या सेंट व्हिक्टर मठातील ह्यू यांनी विद्यार्थ्यांसाठी ‘डिडास्कॅलिकॉन’ हा ग्रंथ लिहिला. विस्ताराने सांगितलेले थोडक्यात गोळा करून स्मरणात ठेवावे, असे ते त्यात सांगतात. झरा एक असतो आणि ओहोळ अनेक. वाचणाऱ्याने ओहोळांच्या वळणांमागे धावण्यापेक्षा झरा गाठावा, असा त्यांचा बोध आहे.

मग पहिले वाक्य उचलण्याची सवय आली कोठून? १८६६ साली अॅबरडीनचे प्राध्यापक अलेक्झांडर बेन यांनी परिच्छेदरचनेचे नियम ग्रंथित केले. परिच्छेदाच्या पहिल्या वाक्याने विषय सूचित करावा, हा त्यांतील एक. ते वाक्य केवळ प्रास्ताविक असेल तर गोष्ट वेगळी, अशी सवलतही त्यांनी ठेवली होती. लिहिणाऱ्याला घालून दिलेला हा नियम वाचणाऱ्याला जसाच्या तसा लागू केला की घोटाळा होतो. १९७४ साली रिचर्ड ब्रॅडॉक यांनी अमेरिकन नियतकालिकांतील निबंध तपासले, तेव्हा मुख्य विषयाच्या वाक्याने सुरू होणारे परिच्छेद शंभरांत सुमारे १३च निघाले.

या शोधाचे मोल महाराष्ट्राला दाखविले ते लोकमान्य टिळकांनी. १९१०-११च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेला ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ म्हणजे एका अर्थी एकाच प्रश्नाचे उत्तर होय: गीतेचा मुख्य मुद्दा कोणता? कोणी ज्ञान म्हणत होते, कोणी भक्ती. टिळकांनी मीमांसकांचीच कसोटी लावली. आरंभी अर्जुन धनुष्य टाकून बसतो. मध्ये कर्म करण्याचा आदेश वारंवार येतो. शेवटी अर्जुन सांगितल्याप्रमाणे करावयास उभा राहतो. तेव्हा तात्पर्य कर्मयोगाचे, असा त्यांचा निर्णय. तो सर्वांनी मान्य केला असे नाही. परंतु मतभेद झाला तरी तो पुरावा समोर ठेवून करावा लागतो, ही या कसोटीची थोरवी.

मुले नेमकी कोठे चुकतात, हे १९१७ साली न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजातील एडवर्ड थॉर्नडाइक यांनी तपासले. सहाव्या इयत्तेतील मुलांना त्यांनी एक लहानसा उतारा दिला. फ्रँकलिन या गावी ठरावीक वयाच्या मुलांना शाळेत हजर राहणे कसे सक्तीचे आहे आणि कोणत्या कारणांनी सूट मिळते, एवढीच हकीकत त्यात होती. विषय कोणता, असे विचारता कित्येकांनी ‘फ्रँकलिन’ असे लिहिले. एकाने तर त्या गावाचे नाव पाहून थोर संशोधकाचे वर्णन आहे असे ठरविले! थॉर्नडाइक यांचा निष्कर्ष असा की, वाचन म्हणजे गणित सोडविण्यासारखा विचारच आहे. प्रत्येक शब्दाला योग्य तेवढेच वजन द्यावे लागते. एखाद्या ठळक शब्दाने नको तितके वजन घेतले की अर्थ कोलमडतो. श्वेतकेतूच्या कथेतील माती आणि या उताऱ्यातील गाव, दोहोंपाशी चूक एकच.

म्हणून वर्गात ‘मुख्य कल्पना कोणती?’ एवढे विचारून भागत नाही. ‘कशावरून?’ हेही विचारले पाहिजे. कोणती गोष्ट पुन्हा आली, कोणता भाग नुसता दृष्टान्ताचा, कोणते वाक्य काढले तर उतारा उभा राहणार नाही, हे विद्यार्थ्याने बोट ठेवून दाखवावे. उत्तर चुकले तरी चालेल; बोट कोठे ठेवले ते पाहून शिक्षकाला चूक सापडते व दुरुस्तही करता येते.

शाळा सुटल्यावर उतारे संपत नाहीत. करारनामा येतो, सरकारी नोटीस येते, निवडणुकीचे पत्रक येते. तेथे शोभेचा भाग कोणता आणि आपल्यावर बंधन घालणारे वाक्य कोणते, हे ओळखावयास मार्गदर्शिका मिळत नाही. ज्याला ते ओळखता आले नाही, त्याच्या वतीने दुसराच कोणी तात्पर्य सांगतो; आणि सही मात्र त्याला स्वतःला करावी लागते.